मडमेची लुगडी

परातीत स्क्रू पडला. ठण्ण.

सपरीत, घरापुढच्या पडवीत, सगळे यंत्राभोवती जमले होते. तुळसाच्या पदराखालचं बाळ त्या आवाजानं दचकलं, प्यायचं थांबलं, डोळे न उघडताच जरा विचारात पडल्यासारखं झालं आणि पुन्हा चोखू लागलं.

"निघाला!" यंत्राच्या पोटातून इश्वरचा आवाज आला. "लगित गंजला होता, पण निघाला!"

घराचा जवाई शेणानं सारवलेल्या भुईवर पालथा पडला होता. डोकं आणि हात यंत्रात, बाहेर फक्त पाय, आणि पायांत परवाच सासूनं दिवाळीचे म्हणून दिलेले नवे मोजे. सासूबाईंना, पार्वताबाईंना, ते बघवत नव्हतं.

"अजी, सतरंजी तरी घ्या ना खाली. लोक काय म्हणतीन? जवाई बोलावला अन् मातीत लोळवला."

"सतरंजीत स्क्रू हरवते, मामी. मातीत सापडते."

"मातीत तं आमचे जवाईच हरवून राहिले," सपरीच्या खांबाला टेकलेला तेजराम हसला. बहिणीच्या नवऱ्याला पत्र घालून नागपुराहून बोलावणारा तोच. इश्वर रेल्वे स्टेशनांवरची वजनाची यंत्रं दुरुस्त करायचा. नाणं टाकलं की तिकीट देणारी, दिवे लावून फिरणारी. ज्याला त्या यंत्रांचं पोट कळतं त्याला मडमेचंही कळेल, हा तेजरामचा हिशेब.

मडम म्हणजे बाहुली. पुरुषभर उंचीचं लाकडी कपाट, वरच्या अर्ध्या भागाला काच, आणि काचेआड बसलेली गोऱ्या चेहऱ्याची, निळ्या डोळ्यांची बाई. फटीत नाणं टाकलं की ती मान हलवायची, उजवा हात पुढ्यातून फिरवायची आणि खालच्या तोंडातून नशिबाची चिठ्ठी पडायची. तेजरामचे वडील सुखराम दर मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, तिला बैलबंडीवर घालून न्यायचे. ते गेले आणि मडमेनं मान हलवणं सोडलं. आता परवा गावची मंडई होती. दंडारीच्या नाचाचे ढोल आतापासून घुमत होते, आणि तेजरामनं गावभर सांगून टाकलं होतं की यंदा मडम येणार.

अडलं होतं पाटीवर. डोमा पेंटरनं पाटी रंगवून आणून भिंतीला टेकवली होती. पिवळ्यावर लाल अक्षरं: *भविष्य सांगणारी मडम.* खाली *यांनी आणली* आणि *सन*, दोन्हींजवळ कोरी जागा. डोमा ओट्यावर बिडी ओढत बसला होता. या घरात कोरी जागा भरेपर्यंत काय काय होतं, ते बघण्यात त्याला भलताच रस आला होता.

कारण नावं दोन होती. पार्वताबाई जन्मभर सांगत आल्या होत्या, "मी नवरी होऊन आली तवा यायनं माह्यासाठी आनली." प्रत्येक मंडईला, प्रत्येक नव्या सुनेला, बांगडीवाल्यालासुद्धा. अंगावर सोनं नव्हतं, माहेर उरलं नव्हतं. पण आपल्यासाठी नवऱ्यानं खाणीवरच्या साहेबांच्या क्लबातून मडम आणली, हे होतं. आणि काल संध्याकाळी भय्याजी, सुखरामच्या थोरल्या भावाचा मुलगा, पलीकडच्या आंगणातून चालत आला आणि म्हणाला, "पाटीवर माह्या बापाचं नाव पाह्यजे. मडम त्यायनं आनली."

आता तो खाटेवर मांडी ठोकून बसला होता. शेजारी त्याची बायको शकुंतलाबाई शेंगा फोडत होती आणि शेंगांइतकंच लक्ष नवऱ्याकडे ठेवून होती.

"मंदा," तुळसानं डोईवरचा पदर पुढे ओढला. भय्याजी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा, तेजरामचा, थोरला चुलतभाऊ; त्याच्याशी सरळ बोलायची रीत नव्हती. म्हणून बोलणं पाच वर्षांच्या लेकीच्या तोंडून जायचं. "मोठ्या बाबाले म्हणाव, शेंगा खा. तोंड चालू राह्यलं म्हणजे भांडन होत नाई."

मंदा खाटेपाशी गेली. "मोठे बाबा, आई म्हन्ते शेंगा खा, नाईतं भांडसान."

"ऐकलं मी, बाई. बहिरा नाई झालो," भय्याजी म्हणाला, आणि शेंग घेतली.

*

इश्वर धुळीनं पांढरा होऊन बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की पार्वताबाई मोजे विसरल्या.

"चेहरा पाहून यंत्राचं वय सांगायचं नाई," तो म्हणाला. "चेहरा कोनीबी रंगवते. घसा पाहावा लागते." त्यानं नाण्याच्या फटीवरची पत्र्याची पट्टी काढून सगळ्यांना दाखवली. "हे दहा पैशासाठी. मामाजीनं बसवली असन, कानस मारल्याची खूण ताजी हाय. तिच्याखाली ही पितळेची. ही आण्याची. अन् तिच्याखाली हे पाहा."

सगळ्यांनी माना घातल्या. खालच्या लोखंडात एक रुंद, जुनी फट होती, एखादी मोठी तांब्याची चकती सरळ गिळेल अशी.

"एवढा पैसा कोनाचा?" तेजरामनं विचारलं.

"आपला नाईच. साहेबाच्या देशातला. म्हणजे मडम तिकडं जल्मली. आत बिजलीची एक तार नाई, सारं चावीचं काम, कमान अन् तोलदांडी. बापरे, काय काम केलंय लेकांनी! मायं मत इचाराल तं पहिल्या लढाईच्या आसपासची."

"म्हणजे बुढी हाय," शकुंतलाबाई म्हणाली. "तरीच आपल्याकडं अशी पाह्यते."

"पण पाटीवर ते साल कामाचं नाई." इश्वरनं हात पुसले. "यंत्राचे दोन साल राह्यतात. एक जल्माचं, एक लग्नाचं. ह्या घरात कवा आली, ते लग्नाचं. ते घशात असते कुठंतरी."

तो पुन्हा पालथा पडला. या वेळी पार्वताबाई काही बोलल्या नाहीत. त्या मडमेकडे बघत होत्या. मडमेच्या अंगावर गुलाबी वायलचं लुगडं होतं, तुळसाच्या लग्नातल्या लुगड्याचा तुकडा. घरात आलेली नवरी पहिल्या दिवाळीला आपल्या लग्नाच्या लुगड्याचा तुकडा शिवून मडमेला नेसवायची. आधीचं काढायचं नाही, वरूनच नेसवायचं. नेसवलेली बाई उघडी करायची नसते. त्यामुळे मडम दर सुनेगणिक थोडी जाड होत गेली होती. शकुंतलाबाई म्हणायची, आपल्यासारखीच.

"सापडलं!" आतून इश्वर ओरडला. "वळणात अडकलं होतं. चिमटा द्या, चिमटा!"

तुळसानं एका हातानं बाळ सावरत दुसऱ्या हातानं चुलीजवळचा चिमटा दिला. बराच वेळ नुसता खरखर आवाज. मग इश्वरच्या तळहातावर एक काळी, तेलकट चकती आली. मधोमध मोठं भोक. भोकात गाठ मारलेला, तेलानं माखलेला दोरा.

भय्याजी खाटेवरून उठला. शेंगा सांडल्या.

"हे मायं हाय!"

"काय तुमचं?"

"हा पैसा! अगा, हा माहा भोकाचा पैसा!" सेहेचाळीस वर्षांचा माणूस टाळ्या पिटत होता. "आण्याची फट अन् भोकाचा पैसा, सारखाच बसे. भोकात दोरा बांधायचा, आत सोडायचा, मडमेनं मुंडी हालवली का वढून घ्यायचा! पुन्हा सोडायचा! मडम आली ना, बंडीतून उतरवली ना, त्याच दिवशी केलं मी हे. सगळ्याच्या पहिले! तिसऱ्या खेपेले दोरा तुटला अन् पैसा गेला आत. काकानं कान पिळला होता, अजून लाल असन पाहा."

मंदानं खरंच जवळ जाऊन त्याचा कान पाहिला. "लाल हाय," ती म्हणाली.

सगळे हसले. डोमाही हसला. इश्वरनं पैसा राखेनं घासला, उजेडाकडे धरला, खिशातलं भिंग लावलं.

"साल वाचता येते. एकोणीसशे त्रेचाळीस."

हसणं विरायला थोडा वेळ लागला. पहिल्यांदा थांबली ती शकुंतलाबाई.

"अजी," ती हळूच म्हणाली, "तुमचे बाबा तं बेचाळीसच्या उन्हाळ्यात गेले ना? तुमीच सांगता दरवर्षी, श्राद्धाच्या दिवशी."

भय्याजीनं पैशाकडे पाहिलं. बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता. आईनं त्याला नाकाडोंगरीला, आपल्या माहेरी नेलं, आणि या घरी तो फक्त सणावाराला यायचा. बापाचा फोटो नव्हता. आवाज आठवत नव्हता. आठवत होती ती एक बंडी, तिच्यावर झगमगणारी काच, आणि तिच्या शेजारी उभा एक मोठा माणूस. तो बापच असणार असं त्यानं कधीतरी ठरवून टाकलं होतं. तो काका होता तर.

"आता माह्याच पैशानं मले खोटं पाडलं म्हणा," तो म्हणाला. हसायला गेला, पण नीट जमलं नाही.

पार्वताबाईंनाच वाईट वाटलं. "चहा ठेव वो, तुळसा," त्या म्हणाल्या. "भय्याले जास्त दूध घाल."

"थांबा काकी." भय्याजी खाली बसला नव्हता. "बाप नाई तं नाई. पण माय तं होती ना या घरात. मोठी सून. पहिलं लुगडं तिनंच नेसवलं असन. पाटीवर तिचं नाव घाला. रुखमाबाईनं नेसवलेली मडम."

"अजी, विधवेच्या हातचं नवरीचं लुगडं नेसवलं असतं का कोनी त्या काळात?" शकुंतलाबाई म्हणाली.

"तुले काय माहीत? उकलून पाहा! सगळ्यात आत हिरवं निघालं तं काकीचं. दुसरं काई निघालं तं माह्या मायचं. चूप बसतो मी मग जल्मभर."

"मडमेले उघडं करायचं नाई," पार्वताबाई म्हणाल्या.

असा आवाज त्यांचा सहसा निघत नसे. खाली बसलेल्या इश्वरनंही वर पाहिलं.

*

आत हिरवं नव्हतं.

पार्वताबाईंना हे पहिल्या दिवाळीपासून माहीत होतं. लढाईतल्या कंट्रोलच्या कापडाचा हिरवा तुकडा घेऊन त्या काचेत वाकल्या, मडमेचा हात उचलला, आणि हाताखाली कुसुंबी रंग दिसला. बारीक टाके. कोणाचे? सासूनं चूल फुंकायचा आवाज वाढवला. रात्री नवऱ्याला विचारलं, तर तो आढ्याकडे पाहतच म्हणाला, "तुह्यासाठीच आनली."

बाकीचं विहिरीवर कळलं. आपल्याआधी एक नवरी आली होती. एक दिवाळी राहिली. पुढच्या पावसात तापानं गेली. पुढे आलेल्या नवरीसमोर गेलेलीचं नाव घेऊ नये म्हणून कोणी घेतलं नाही, आणि पार्वताबाईंनी पुन्हा विचारलं नाही. आता विचारायला माणूस उरलं नव्हतं.

भय्याजी मघाशी मडम उतरवल्याचं सांगत होता तेव्हा त्या मनात म्हणत होत्या, पुढचं नको सांगू रे. कारण पुढचं त्यांना माहीत होतं. तो दर मंडईला सांगायचा: दारात घुंगट घेऊन काकी उभी होती, तिनंच हसून पैसा दिला, तिनंच आपल्या पदराचा दोरा ओढून त्याच्या भोकात बांधून दिला. तुमी, काकी, तुमी! आणि पार्वताबाई हसून मान हलवायच्या. मडमेसारखी.

त्या मुलीच्या हाताचं कौतुक त्यांनी इतकी वर्षं आपल्या नावावर घेतलं होतं. परत द्यायचं कोणाकडे, ते कळलं नव्हतं. म्हणून दर दिवाळीला मडमेला कुंकू लावायच्या. आधी मडमेला म्हणून लावायच्या. मग तिला.

"होऊ द्या ना, माय," तेजराम म्हणाला. "एकदा कायमचं मिटते. तुळसा उकलन. शेवटची नवरी तीच हाय, तिच्या हातानं चालते."

पार्वताबाईंनी सुनेकडे पाहिलं. तुळसानं बाळ शकुंतलाबाईच्या मांडीवर दिलं होतं आणि पदर खोचून उभी होती. डोळ्यांत नुसती उत्सुकता, भर दुपारी चोरून पेढ्याचा डबा उघडणाऱ्या पोरीसारखी.

"उकल," पार्वताबाई म्हणाल्या. "पण बाकीच्यायनं तिकडं तोंड करा. बाईमानूस हाय."

पुरुषांनी निमूट पाठी केल्या. डोमानंसुद्धा.

*

काचेच्या कपाटात तुळसाचे दोन्ही हात आणि अर्धं डोकं मावत होतं. आत तेलाचा आणि जुन्या कापडाचा वास होता. तिनं आपल्याच गुलाबी लुगड्याचा टाका उसवला. किती वाईट शिवलं होतं! तेव्हा पोटात मंदा होती आणि सुई बघितली की मळमळायचं. त्याच्याखाली शकुंतलाबाईचं जांभळं, मखमली काठाचं.

"तुमचं जांभळं, मोठ्याबाई."

"जपून गं! पंचावन्न साली लय महागाचं होतं ते."

त्याच्याखाली हिरवं. जाड, खरखरीत.

"हिरवं आलं!" तेजराम पाठमोराच ओरडला. "झालं ना, भय्या?"

"त्याच्याखाली पाह्य," भय्याजी म्हणाला.

तुळसानं हिरव्याची कड उचलली.

खाली साहेबाच्या देशातला फिका झगा असायला हवा होता. खाली कुसुंबी होतं. आंधळगावच्या कोष्ट्यांकडच्या मागावरचं असावं, पिवळ्या काठाचं, इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळे कालच रंगवल्यासारखं. आणि टाके असे बारीक की मोजता येऊ नयेत. या हाताला शिवणाची हौस होती. सासूबाईंचे टाके तिला ठाऊक होते, घरातल्या प्रत्येक वाकळीवर होते. लांब, घाईचे, डावीकडे कललेले. हे ते नव्हते. काठाजवळ एक दोरा ओढून काढल्याची रेघ होती, सरळ, काळजीपूर्वक.

तिनं मान वळवून परातीकडे पाहिलं. स्क्रूंच्या शेजारी भोकाचा पैसा. इश्वरनं राख घासताना गाठ थोडी सैल झाली होती, आणि जिथं तेल शिरलं नव्हतं तिथं दोरा कुसुंबी होता.

"काय हाय गं?" भय्याजीनं पाठमोऱ्यानंच विचारलं. "दुसरं हाय ना?"

तुळसाला रीत आठवली नाही. बोलायचं कसं, कोणाच्या तोंडून, हेही नाही. तिनं सासूकडे पाहिलं. पार्वताबाई तिच्या अगदी मागे येऊन उभ्या होत्या आणि त्या कुसुंबी तुकड्याकडे अशा बघत होत्या, जशी तुळसा सासरी आली त्या दिवशी दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या.

"ते बी माह्यंच," पार्वताबाई म्हणाल्या. "दोन नेसवले होते मी."

तुळसानं हिरव्याची कड खाली सोडली.

"मंदा," तुळसा म्हणाली, "मोठ्या बाबाले सांग. ते बी आजीचंच हाय."

"मोठे बाबा, ते बी आजीचंच!"

भय्याजीनं कान चोळला. मग वळला, आणि तुळसाला वाटलं होतं त्यापेक्षा त्याचा चेहरा मोकळा होता.

"तं बरोबरच हाय," तो म्हणाला. "मले आठवते ना. दारात तुमीच होत्या, काकी. आपल्या पदराचा दोरा तुमीच काढून देल्ता. बापाचं नाव नाई तं नाई, पण मडमेच्या पहिल्या पैशावर माह्यंच नाव हाय! डोमा, लिही गा. पार्वताबाईसाठी आनली."

डोमानं ब्रश बुचकळला.

"नाव नको," पार्वताबाई म्हणाल्या.

"काहून? जल्मभर तं सांगत आल्या!"

"सांगून झालं. आता नको. साल लिही, अन् ते यांनी आणली पुसून लिही, घरच्या सुनायनं नेसवलेली. साऱ्याच आल्या त्याच्यात."

"मी बी?" शकुंतलाबाई म्हणाली.

"तू बी. पुढं येतीन त्या बी. अन् मागच्या बी."

भय्याजी डोकं खाजवत राहिला. पण डोमानं एव्हाना *सन १९४३* रंगवायला घेतलं होतं, आणि लाल रंग ओला असताना कोणी भांडत नाही.

तुळसानं पटापट टाके घातले. हिरवं, जांभळं, गुलाबी. सर्वांत आधी मात्र पैशाची गाठ सोडवून तो दोरा कुसुंबी पदराच्या आत, मडमेच्या काळजापाशी, बोटानं सारून दिला होता. पैशाच्या भोकात तिनं आपल्या रिळाचा पांढरा दोरा बांधला आणि तो भय्याजीसाठी मंदाच्या हातात दिला.

इश्वरनं चावी दिली. कमान आत कण्हली. "टाका," तो म्हणाला, "पण तुटला तं मी पुन्हा लोळणार नाई."

भय्याजीनं दोरा बोटाला गुंडाळला आणि पैसा आत सोडला.

खट्. घर्र्र.

मडमेनं मान हलवली.

काय ओरडले सगळे! तेजरामनं बहिणीच्या नवऱ्याला उचललंच. बाळ दचकून रडलं, शकुंतलाबाई रडता रडता हसली, ओट्यावर गावची पोरं कधी गोळा झाली कळलं नाही, आणि भय्याजी दोरा ओढायचा, सोडायचा, ओढायचा, सोडायचा. मडम हो म्हणायची, हो म्हणायची, गोरा हात सगळ्यांवरून फिरवायची. पार्वताबाई कुंकवाची कोयरी आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तुळसानं बाळाला पुन्हा पदराखाली घेतलं. मंदा तिच्या गुडघ्याला येऊन टेकली. तिनं काचेकडे पाहिलं, मग आतल्या अंधाऱ्या खोलीच्या दाराकडे, मग बोटांवर काहीतरी मांडून पाहिलं.

"आई, नवरी एकच लुगडं नेसवते ना मडमेले?"

"हाव."

"तुवाबी एकच नेसवलं ना?"

"हाव गं."

"मंग आजी दोनदा नवरी झाली होती का?"